प्रोग्राम चालतो, पण तो का चालतो हे मुलांना सांगता येत नाही: डेटा स्ट्रक्चर्स शिकवणाऱ्या नव्या प्राध्यापकांना उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी, विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स शिकवता. वर्गात ७० मुलं-मुली, प्रॅक्टिकलला २०-२० च्या बॅच. व्यवस्थापनाला ‘नावीन्यपूर्ण अध्यापन’ हवं आहे, म्हणून स्मार्ट बोर्ड आला, मूडल (अभ्याससाहित्य आणि गृहपाठ ऑनलाइन ठेवायची प्रणाली) बसवलं गेलं. इकडे मुलं चॅटजीपीटीकडून कोड आणून जर्नलला लावतात. प्रोग्राम चालतो, पण त्यातली एक ओळ बदलायला सांगितली की गप्प बसतात. तुम्ही विचारलंय की फ्लिप्ड क्लासरूम (म्हणजे धडा घरी, सराव वर्गात) करावी, सगळं प्रोजेक्टवर शिकवावं, की एआयने लिहिलेला कोड ओळखणारं सॉफ्टवेअर आणावं. आणि हे करताना सिलॅबस कसा संपवावा.

यातला शेवटचा पर्याय, म्हणजे ओळखणारं सॉफ्टवेअर, आधी बाजूला ठेवू. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच मजकूर ओळखण्याचं असं एक साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत ते एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखत होतं आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा संशय घेत होतं. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून त्यांनी ते बंद केलं. हे झालं मोठ्या मजकुराचं. लिंक्ड लिस्ट म्हणजे प्रत्येक नोडने पुढच्या नोडचा पत्ता धरून बनलेली यादी. तिच्यात नोड घालण्याचं फंक्शन तर कोणीही लिहिलं तरी १०-१५ ओळींचं आणि जवळजवळ सारखंच दिसणार. तिथे कोण ओळखणार आणि कशावरून? प्रामाणिक मुलीवर एकदा खोटा आळ आला की ती पुढे वर्षभर तुमच्याशी मोकळेपणाने बोलणार नाही. एवढी किंमत मोजून हाती काही लागत नाही.

माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. ‘प्रोग्राम लिहून आणला’ म्हणजे ‘समजला’ असं आपण वर्षानुवर्षं धरून चाललो, आणि तो पुरावा आता पुरावा राहिला नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी प्रोग्रामिंगच्या पहिल्या कोर्सचे परीक्षेतले प्रश्न ओपनएआयच्या कोडेक्स या कोड लिहिणाऱ्या मॉडेलला सोडवायला दिले होते. ७१ विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचा क्रमांक १७ वा लागला. हा निबंध २०२२ च्या सुरुवातीचा आहे, म्हणजे चॅटजीपीटी बाहेर येण्याच्याही आधीचा.

पण सगळा दोष एआयवर टाकायला मी तयार नाही. २००१ मध्ये मॅकक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांतल्या, प्रोग्रामिंगचे सुरुवातीचे कोर्स पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना एक साधी प्रोग्रामिंगची कामगिरी दिली होती. ११० पैकी सरासरी गुण आले सुमारे २३. तेव्हा कुठलाही चॅटबॉट नव्हता. पुढे २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या मुळाशी जायचा प्रयत्न केला, तेव्हा दिसलं की बऱ्याच विद्यार्थ्यांना तयार कोड ओळीओळीने वाचून ‘आता या व्हेरिएबलमध्ये काय आहे’ हेसुद्धा खात्रीने सांगता येत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला आपण लिहायला सांगत होतो, आणि तो शेजारच्याची जर्नल उतरवून वेळ निभावत होता. आता शेजाऱ्याच्या जागी चॅटजीपीटी आलंय.

म्हणून माझ्या शिकवण्यात मी एकच गोष्ट केंद्रस्थानी ठेवली आहे: विद्यार्थ्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला सेमिस्टर संपायच्या आत, आठवड्याला एकदा तरी दिसलं पाहिजे. साधन कुठलंही असो, ते यासाठी उपयोगी पडतं का एवढंच मी बघते.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगून टाकते. तुमचं कॉलेज स्वायत्त असतं तर मूल्यमापनच बदलता आलं असतं. संलग्न कॉलेजात थिअरीचा पेपर विद्यापीठाचा, प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येणार, त्यामुळे तुमच्या हातात मुख्यतः टर्मवर्कचे (सेमिस्टरभरातल्या कामाचे) गुण, लॅबचे दोन तास आणि वर्गातला तास एवढंच राहतं. ते कमी नाही. लॅबमधले किती संगणक खरोखर चालू आहेत आणि लॅब असिस्टंट नेटवर्क बंद-चालू करून देतो का, यावरही बरंच ठरतं. आणि वर्गात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं किती आहेत ते पहिल्या आठवड्यात मोजा. त्यांची सी भाषा वेगळ्या पद्धतीने झालेली असते, हात चांगला चालतो, पण वर्गात इंग्रजीत बोलायला ती बिचकतात. त्यांना गृहीत धरून पुढे गेलात तर ती मागच्या बाकांवर हरवतात.

आता वर्गातल्या तासाबद्दल. इथेच सगळ्यात जास्त मिळवता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रत्येक तासाला दोन प्रश्न, चार पर्यायांचे. आधी प्रत्येकाने एकट्याने, न बोलता उत्तर द्यायचं. मग शेजाऱ्याशी चर्चा. मग पुन्हा उत्तर. मग मी समजावते. ही पद्धत हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. संगणकशास्त्रात तिचा मोठा अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या विभागात झाला. लिओ पोर्टर, सिंथिया बेली ली आणि बेथ सायमन यांनी २०१३ मध्ये चार कोर्सेसची अनेक वर्षांची आकडेवारी मांडली: नेहमीच्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी २० टक्के, या पद्धतीच्या वर्गांत ७ टक्के. आपल्याकडचंही उदाहरण आहे. आयआयटी मुंबईच्या प्रोग्रामिंगच्या पहिल्या कोर्सच्या भल्यामोठ्या वर्गात ‘आधी एकट्याने, मग जोडीने, मग सगळ्यांनी मिळून’ अशा कृती करून घेतल्या गेल्या आणि निरीक्षकांनी मागे बसून मुलं खरंच काम करताहेत का याची नोंद ठेवली. सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. त्यांच्या वर्गापुढे तुमचा ७० चा वर्ग लहानच आहे.

प्रश्न कसा असावा याचं एक उदाहरण देते. लिंक्ड लिस्टच्या सुरुवातीला नवा नोड घालायचा आहे. हेड म्हणजे पहिल्या नोडचा पत्ता, नेक्स्ट म्हणजे नोडमध्ये ठेवलेला पुढच्या नोडचा पत्ता. एका मुलाने आधी हेड नव्या नोडवर आणला आणि त्यानंतर नव्या नोडच्या नेक्स्टमध्ये हेड ठेवला. आता यादी छापली तर काय होईल? पहिला पर्याय: सगळी यादी बरोबर छापली जाईल. दुसरा: फक्त नवा नोड छापून प्रोग्राम थांबेल. तिसरा: नवा नोड पुन्हा पुन्हा छापला जाईल आणि प्रोग्राम थांबणारच नाही. चौथा: प्रोग्राम कंपाइल होणार नाही. उत्तर तिसरं, कारण नव्या नोडचा नेक्स्ट आता त्याच्या स्वतःकडेच बोट दाखवतो आणि जुन्या यादीपर्यंत पोचायचा रस्ता तुटला. पहिल्या फेरीत या प्रश्नाला उत्तरं चारही दिशांना जातात. चौथा पर्याय निवडणाऱ्याला कंपायलर काय तपासतो आणि काय तपासत नाही हेच माहीत नसतं. ही माहिती मला कुठल्याही जर्नलमधून मिळाली नसती.

पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर आलं तर चर्चेला रंग चढतो. त्याहून कमी आलं तर चर्चा करून अज्ञानच वाटलं जातं, तेव्हा थांबून पुन्हा समजवा. खूप जास्त आलं तर वेळ न घालवता पुढे चला. एका प्रश्नाला ७-८ मिनिटं लागतात. चर्चा मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत होऊ द्या. ‘अगं, पण हेड आधीच हलवलास तर जुनी लिस्ट कुठे शोधणार?’ असं एक मुलगी दुसरीला म्हणाली की तिला पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारा व्हेरिएबल) कळला. इंग्रजी वाक्य नंतर बसवता येतं, आणि पेपरसाठी ते बसवून घ्यायलाच हवं.

उत्तरं गोळा करायला महागडे क्लिकर (उत्तराची बटणं असलेली हातातली यंत्रं) लागत नाहीत. प्लिकर्सची छापील कार्डं मिळतात. मूल कार्ड ज्या बाजूने वर धरेल तो त्याचा पर्याय, आणि शिक्षकाच्या एकाच फोनच्या कॅमेऱ्याने सगळा वर्ग टिपता येतो. मुलांना फोन लागत नाही, त्यामुळे वर्गात फोनबंदी असली तरी चालतं. कार्डावरून कोणाचं उत्तर काय ते शेजाऱ्याला सहज कळत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हात वर करायला सांगितलं की मुलं हुशार मुलाकडे बघून हात वर करतात. या प्रश्नांना गुण मात्र देऊ नका. गुण आले की मुलं बरोबर उत्तर शोधायच्या मागे लागतात आणि मनातलं उत्तर लपवतात.

स्मार्ट बोर्ड आहेच, तर त्यावर स्लाइड्स दाखवण्यापेक्षा पायथन ट्यूटर उघडा. फिलिप गुओ यांनी २०१० मध्ये सुरू केलेली ही साइट मोफत आहे आणि नावात पायथन असलं तरी सी, सी++ आणि जावाही चालवते. एकेक ओळ पुढे सरकते तसं मेमरीत काय बदललं, कुठला बाण कुठे गेला ते चित्रात दिसतं. पण एक पथ्य पाळा. पुढची ओळ चालवण्याआधी थांबा आणि मुलांना वहीत पुढचं चित्र काढायला लावा. मगच बटण दाबा. अल्गोरिदमच्या ॲनिमेशनवरचे प्रयोग एकत्र तपासणारा हंडहाउसेन, डग्लस आणि स्टास्को यांचा २००२ चा अभ्यास हेच सांगतो की पडद्यावर काय दिसतं यापेक्षा विद्यार्थी ते बघताना काय करतो याने जास्त फरक पडतो. नुसतं बघितलेलं ॲनिमेशन छान वाटतं आणि दुसऱ्या दिवशी विसरलं जातं.

रिकर्शनला, म्हणजे फंक्शन स्वतःलाच कॉल करतं तिथे, तर याशिवाय पर्याय नाही. यादी छापणारं रिकर्सिव्ह फंक्शन घ्या, छापायची ओळ कॉलच्या आधी आहे. ती कॉलनंतर नेली तर काय होईल? यादी उलटी छापली जाईल. पण का, हे सांगायला स्टॅकवर चढत जाणाऱ्या फ्रेम्स (प्रत्येक कॉलची मेमरीतली नोंद) वहीत काढाव्याच लागतात. हा एक प्रश्न नीट झाला की पुढे ट्रीचे तिन्ही ट्रॅव्हर्सल (सगळे नोड क्रमाने फिरून बघायच्या पद्धती) समजवायला निम्मा वेळ लागतो.

अगदी कच्च्या मुलांसाठी आणखी एक साधन आहे. बरोबर प्रोग्रामच्या ओळी सुट्या करून, पिसून द्यायच्या, मुलांनी त्या क्रमाने लावायच्या. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये हा प्रकार मांडला, म्हणून त्यांना पार्सन्स प्रॉब्लेम्स म्हणतात. कागदाच्या पट्ट्या कापूनही होतं. सेमीकोलनशी झगडण्यात वेळ जात नाही, सगळं लक्ष क्रमावर राहतं.

आता लॅब, जिथे तुमचा मूळ घाव आहे.

कोड घरून आणू द्या. एआयची मदत घेतली तर घेतली, फक्त कुठे घेतली ते वर दोन ओळींत लिहायचं. पण त्या कोडला टर्मवर्कमध्ये अगदी थोडे गुण ठेवा. गुणांचा मोठा वाटा लॅबमध्ये, इंटरनेट बंद असताना, त्याच कोडमध्ये केलेल्या बदलाला द्या. उदाहरणार्थ, मुलाने एक फंक्शन आणलं आहे: ठरावीक किंमत दिली की ती असलेला पहिला नोड ते काढून टाकतं. लॅबमध्ये सांगायचं: आता ती किंमत असलेले सगळे नोड काढ. वेळ २० मिनिटं. बदल छोटा दिसतो, पण लागोपाठच्या दोन नोडांत तीच किंमत असेल तर एक नोड काढून लगेच पुढे सरकणारा कोड दुसरा नोड सोडून देतो. पहिलाच नोड काढावा लागला तर हेड बदलावा लागतो. ज्याने कोड समजून आणला तो २० मिनिटांत तिथे पोचतो किंवा निदान कुठे अडलं ते सांगतो. ज्याने नुसता चिकटवला तो पहिल्या ओळीवरच थांबतो. कोड आणला कुठून हा प्रश्न मग विचारावाच लागत नाही.

बदल करून झाला की प्रत्येकाजवळ उभं राहून ३ मिनिटं बोला. २० जणांचा एक तास होतो, दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये बसतो. मी तीनच गोष्टी विचारते: ही ओळ काढली तर काय बिघडेल, यादी रिकामी असेल तर तुझा प्रोग्राम काय करेल, आणि कुठे अडकला होतास. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून मुलाने किती काम केलंय ते जवळजवळ नेहमी कळतं. बोलणं मराठीत चालेल असं आधीच सांगा. प्रॅक्टिकल परीक्षेचे बाहेरचे परीक्षक इंग्रजीत विचारणार असतील तर शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत तीच उत्तरं इंग्रजीत म्हणून घ्या.

तुम्ही म्हणाल, मग तपासणी कधी करायची? त्यासाठी तुमचं मूडल कामाला लावा. सध्या त्यावर बहुधा फक्त पीडीएफ चढवल्या जात असतील. त्याला कोडरनर नावाचं प्लगइन जोडता येतं. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात रिचर्ड लॉब यांनी ते तयार केलं, मोफत आहे. मूल कोड टाकतं, तो ठरावीक चाचण्यांवर चालतो आणि निकाल लगेच मिळतो. कोड चालवण्यासाठी जोब नावाचा वेगळा सर्व्हर लागतो. तो मूडलच्याच यंत्रावर ठेवू नका, लिनक्स टाकलेल्या स्वतंत्र संगणकावर ठेवा, म्हणजे कोणाचं अनंत लूप सुटलं तरी मूडल आडवं होणार नाही. एका बॅचसाठी बरा डेस्कटॉपसुद्धा काम भागवतो.

चाचण्या मात्र मन लावून लिहाव्या लागतात, आणि खरा शिक्षक तिथेच दिसतो. रिकामी यादी, एकच नोड, पहिला नोड, शेवटचा नोड, यादीत नसलेली किंमत. यातल्या काही चाचण्या लपवून ठेवा, नाहीतर मुलं उत्तर तसंच छापून पास होतात. पुन्हा पुन्हा तपासायचं बटण दाबलं की थोडे गुण कमी होतील अशी सोय त्यात आहे, ती वापरा. पहिली एक-दोन वेळ माफ ठेवा. दंड अजिबात नसेल तर मुलं विचार न करता चिन्हं बदलून बदलून बटण दाबत राहतात. हे यंत्र तपासतं तेवढा वेळ तुमचा मोकळा होतो आणि तो त्या तीन-तीन मिनिटांच्या बोलण्याला मिळतो. मला या साधनाचा खरा फायदा तोच वाटतो.

एआय वर्गात आणायचं का? आणा, पण वाचनासाठी. चॅटजीपीटीला बायनरी सर्च ट्रीमधून (डावीकडे लहान, उजवीकडे मोठ्या किमती ठेवणाऱ्या झाडातून) नोड काढायचं फंक्शन लिहायला सांगा, त्यात मुद्दाम एक चूक पेरा आणि ते छापून मुलांना द्या. खाली दोन फांद्या (चाइल्ड नोड) असलेला नोड काढताना त्याच्या जागी इनऑर्डर सक्सेसर, म्हणजे त्याच्यानंतरची लगेचची मोठी किंमत असलेला नोड, आणला, पण सक्सेसरच्या उजव्या उपवृक्षाचं काय झालं? हे शोधायला त्यांना झाड कागदावर काढावंच लागतं. हार्वर्डच्या सीएस५० या कोर्सने २०२३ मध्ये स्वतःचा एआय मदतनीस तयार केला, तो थेट उत्तर न देता विद्यार्थ्याला पुढच्या पायरीकडे नेतो. आपल्याकडे तसा खास मदतनीस बनवायला पैसे आणि माणसं नसतील, पण मुलांना ‘कोड देऊ नको, माझी चूक कुठल्या ओळीच्या आसपास आहे तेवढं सांग’ असं विचारायला शिकवता येतं. काही मुलं ते पाळणार नाहीत. लॅबमधल्या २० मिनिटांच्या बदलात त्यांचं त्यांना कळतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्यातली बरीचशी आपण होऊन वळतात.

फ्लिप्ड क्लासरूमबद्दल थोडक्यात: तासाभराचे व्हिडिओ घरी कोणी बघत नाही. होस्टेलवर नेट जेमतेम, बसने ये-जा करणाऱ्यांचे दोन तास रस्त्यात जातात. एक पानाचं वाचन आणि त्यावर दोन प्रश्न दिले तर बरीच मुलं करून येतात. भाषेची अडचण असलेल्यांना आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले छोटे धडे सुचवा. सी आणि सी++ चे धडे तिथे मोफत आहेत आणि प्रकल्पाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत काम केलं आहे. ऐकता ऐकता शेजारच्या खिडकीत करून बघायचं, अशी त्यांची रचना आहे.

सगळा विषय प्रोजेक्टवर शिकवायला मी दुसऱ्या वर्षाला विरोध करेन. चार जणांच्या गटात एक जण कोड करतो आणि तिघं रिपोर्ट लिहितात, हे तुम्हीही पाहिलं असेल. प्रोजेक्ट तिसऱ्या वर्षी, पाया झाल्यावर, गिटवर (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनावर) कोणी काय केलं याची नोंद ठेवून.

सिलॅबसची भीती खरी आहे. तासाला दोन प्रश्न म्हणजे १५ मिनिटं गेली. ती मी व्याख्या लिहून देणं आणि फळ्यावर सबंध प्रोग्राम उतरवणं बंद करून मिळवते. ते दोन्ही मूडलवर टाकता येतं. पुस्तकातलं वाचून दाखवायला वर्गातला तास नको. विद्यापीठाच्या पेपरमध्ये हाताने अल्गोरिदम लिहायचा आणि एव्हीएल ट्रीमध्ये (स्वतःचा तोल राखणाऱ्या झाडात) आकडे घालून दाखवायचे असतात, आणि वहीत चित्रं काढायची सवय तिथे थेट उपयोगी पडते. हे मुलांना पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगा. परीक्षेशी संबंध दिसला की ती साथ देतात.

व्यवस्थापनाला दाखवायला कागद लागेल. एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) फाइलसाठी कोर्स आउटकमचे, म्हणजे मुलं काय शिकली याचे, आकडे तुम्हाला तसेही भरायचे आहेत. प्रत्येक प्रश्नाच्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतले बरोबर उत्तरांचे टक्के आणि लॅबमधल्या बदलाचे गुण जपून ठेवा. युनिट टेस्टच्या सरासरीपेक्षा हा पुरावा जास्त बोलका असतो आणि वेगळं काही बनवावं लागत नाही.

या सेमिस्टरला सगळं एकदम करू नका. लिंक्ड लिस्टचं एकच युनिट घ्या: वर्गात प्रश्न आणि लॅबमध्ये बदल, एवढंच. कोडरनर पुढच्या सेमिस्टरला, सुट्टीत चाचण्या लिहून झाल्यावर. प्रश्न तयार करायला बसाल तेव्हा मागच्या वर्षीच्या युनिट टेस्टच्या उत्तरपत्रिका शेजारी घेऊन बसा. चुकीचे पर्याय आपल्या कल्पनेतून काढले तर मुलं ते लगेच बाद करतात. त्यांनी स्वतः केलेल्या चुका पर्याय म्हणून समोर आल्या की अर्धा वर्ग अडतो, आणि चर्चा तिथून सुरू होते.